वऱ्हाड वसवले कोणी, कागद झाला कोणाचा?

(यवतमाळ जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



सकाळी वनहक्काच्या दाव्यांचा ठराव वाचला गेला तेव्हा मागच्या रांगेतून एक वाक्य आले. "तांड्यावाले बाहेरून आले. त्यांच्या कागदासाठी आपण कशाला तहसीलवर बसायचे?" बोलणाऱ्याला मी नाव ठेवत नाही. हेच वाक्य मी वीस वर्षे वेगवेगळ्या तोंडून ऐकतो आहे. कोणी मारवाड्याला बाहेरचा म्हणतो, कोणी तेलंगाला. आणि कोलामांच्या पोडावर जाऊन विचारले तर तुम्ही-आम्ही सगळेच बाहेरचे ठरतो. तेव्हा हा हिशेब एकदा नीट मांडावा म्हणून मी उभा आहे. बाजारभावाचे आपण रोज बोलतो, आज थोडे घराण्याचे बोलू.

घरी गेल्यावर म्हातारीला एक प्रश्न विचारा. आपले कुलदैवत कोणते आणि कुठले? कोणी तुळजापूर सांगेल, कोणी जेजुरी, कोणी माहूर. वणी-पांढरकवड्याकडे पुष्कळ घरांचा नवस थेट तिरुपतीच्या बालाजीला असतो. माणूस घर सोडतो, शेत सोडतो, देव सोबत आणतो. म्हणून देवाचे गाव कळले की निदान वाटेची दिशा कळते. कुणब्यांच्या पोटजातींची नावेसुद्धा वाटच सांगतात. झाडे म्हणजे झाडीपट्टीकडचे, घाटोळे म्हणजे घाटावरचे. आडनावापुढे 'वार' असलेली बरीच घरे तेलंगातून, पैनगंगा-गोदावरी ओलांडून आलेली. या मंडपात बसलेल्यांपैकी दहा पिढ्या एकाच गावात काढलेली घरे मोजायला हाताची बोटे पुरतील, असे मला वाटते.

आता ही माणसे आली कधी आणि का आली, ते पाहू.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कंपनीकडे लावून दिले. हैदराबादच्या कंटिंजंट फौजेचा खर्च थकला होता, त्या थकबाकीपोटी मुलूख ताब्यात गेला. म्हणजे आपल्या प्रांताचा इंग्रजी इतिहास कर्जवसुलीने सुरू होतो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याआधीची पन्नास वर्षे या मुलखाने बरेच सोसले होते. पेंढाऱ्यांच्या धाडी झाल्या, १८०३ चा दुष्काळ पडला, आणि निजामाने महसुलाचे मक्ते ज्यांना दिले त्यांनी रयत पिळून काढली. गावेच्या गावे उठली. आपल्या तलाठ्याच्या दप्तरात 'रिठी' असा शेरा असलेली गावे आहेत, म्हणजे नाव आहे, शिवार आहे, वस्ती नाही. अशा रिठी पूर्वीच्या उजाड काळाची खूण आहेत.

१८६४ साली यवतमाळ, दारव्हा, केळापूर आणि वणी हे तालुके वेगळे काढून एक जिल्हा केला. आधी त्याला आग्नेय वऱ्हाड म्हणत, पुढे वणी जिल्हा म्हणू लागले. यवतमाळ हे नाव जिल्ह्याला मिळाले १९०५ साली, तेव्हाच पुसद तालुका जोडला गेला. अमरावती, अचलपूर, खामगाव ही जुनी, नांदती शहरे. त्यांच्या मानाने आपला हा कोपरा म्हणजे इंग्रजांच्या डोळ्यांत सीमेवरचे रान. माणूस कमी, गवत उंच आणि सागवान दाट. सारा वसूल करायचा तर आधी नांगर धरणारा पाहिजे. जिल्हा काढला, पण जिल्ह्यात रयत पुरेशी नाही, अशी त्यांची अडचण होती.

आणि त्याच वेळी कापसाची हाक आली. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस मँचेस्टरला पोचेना. वऱ्हाडच्या कापसाची विलायतेला एकाएकी आठवण झाली. तशी ओळख जुनी होती. विकाजी-पेस्तनजी या पारशी पेढीने १८२५-२६ च्या सुमारास वऱ्हाडचा कापूस मुंबईला पाठवायला सुरुवात केली होती, आणि त्याआधीपासून वंजाऱ्यांच्या बैलांवर लादून तो पार मिर्झापूरपर्यंत जात होता. पण युद्धाने भाव चढले आणि लोहमार्ग घाईने पुढे सरकला. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. १८७० साली खामगावची फांदी उघडली. आपल्या भागातून बंडीने कापूस धामणगावच्या स्टेशनावर जाऊ लागला. यवतमाळ-मूर्तिजापूरची शकुंतला गाडी फार नंतरची. पण तीही इंग्रज कंपनीनेच घातली आणि कापसासाठीच घातली, माणसे तिच्यात पुढे बसू लागली.

मग माणसे आली. १८६७ च्या पहिल्या शिरगणतीत साऱ्या वऱ्हाडात साधारण २२ लाख माणूस होता, १८८१ मध्ये तो २७ लाखांच्या जवळ गेला, १८९१ मध्ये २९ लाखांच्या. नुसत्या बाळंतपणांनी चौदा वर्षांत एवढी वाढ त्या काळी होत नव्हती. वर्धेच्या पलीकडून, खानदेशातून, घाटावरून, तेलंगातून, मारवाडातून घरे उठून इकडे आली.

घर कसे उठते ते तुम्हाला मी सांगायला नको. आधी एक भाऊ येतो. एक हंगाम कुणाच्या शेतात सालदारी करतो, पाणी कुठे आहे, जमीन कशी आहे ते पाहतो. दुसऱ्या वर्षी बैलजोडी आणि बायको येते. मग मेहुणा येतो. मग सोयरिकी त्याच वाटेने होऊ लागतात आणि दोन पिढ्यांत माहेर-सासर दोन्ही इकडचेच होते. कागदावर त्या भावाचे नाव सापडते. दुसऱ्या वर्षी आलेल्या त्या बाईचे नाव कुठेच सापडत नाही. पऱ्हाटी तिने निंदली, कापूस तिने वेचला, पाणी दोन कोसांवरून तिनेच आणले.

जमिनीबद्दल थोडे बोलतो, तो माझा शिकलेला धंदा आहे. आपल्या जिल्ह्याची माती एकसारखी नाही. वर्धेच्या खोऱ्यात, वणी-राळेगावच्या बाजूला खोल काळी. पूस आणि पैनगंगेच्या काठाला चांगली काळी. मधल्या पठारावर आणि उतारांवर उथळ, मुरमाड, बरड. आधी आलेल्याने काळी धरली, मागून आलेल्याच्या वाट्याला बरड आली, आणि सर्वांत आधीपासून असलेला कोलाम-गोंड तर डोंगरावर ढकलला गेला. त्यात एक फसवणूक मातीनेच केली. वर्षानुवर्षे गवताखाली पडलेले रान पहिल्यांदा फोडले की साठलेला कस मोकळा होतो. पहिली काही पिके अशी येतात की माणूस गावाकडच्या सोयऱ्याला निरोप धाडतो, इकडे ये, इथे नुसते पेरले तरी पिकते. पुढे कस उतरतो, उतारावरची माती पावसाने वाहते, पण तोवर सोयराही येऊन बसलेला असतो आणि साऱ्याचा आकडाही बसलेला असतो. बरडीवर आज आपण एकरी जे दोन-तीन क्विंटल रडतकढत काढतो, त्यातल्या काही रडण्याचे मूळ तिथे आहे.

आता कागदाकडे येतो. या मुलखात माणसे नांगराने वसली, पण त्यांचे बरेवाईट कागदाने ठरले. ते कागद तीन प्रकारचे होते.

पहिला कागद मोजणीचा. इंग्रजांनी मुंबई इलाख्याची रयतवारी पद्धत इथे आणली. शेत मोजले, नंबर पाडला, आकार बसवला, तीस वर्षांसाठी पक्का केला. वर्धा नदीच्या पलीकडे मालगुजारी, अलीकडे रयतवारी. नदी ओलांडली की मधला मालगुजार नाही, नाव थेट सरकारच्या दप्तरात. हे आकर्षण खरे होते आणि ते मी नाकारत नाही. पण त्या हक्काला दोन धारा होत्या. तो वारशाने मिळत होता आणि विकता-गहाण टाकता येत होता. सारा रोकड भरायचा, ठरल्या तारखेला भरायचा, पीक येवो न येवो. रोकड नसेल तर सावकार आहे, आणि सावकाराजवळ ठेवायला आता वस्तू आहे. पूर्वी सावकार कास्तकाराला कर्ज देई ते पिकावर. जमीन ओसाड पडलेली असताना नुसती जमीन घेऊन सावकार काय करणार होता? मोजणीने जमिनीला किंमत आणली आणि दिवाणी कोर्टाने ती किंमत वसूल करायची सोय केली. सातबारा ज्या शेतकऱ्याला मान देतो, तोच त्याला लिलावावरही उभा करतो. हे गणित १८६० च्या दशकातले आहे.

माझ्या शेतकरी मित्रांत यावर मतभेद आहेत. काही म्हणतात, विकता न येणारी जमीन ही जमीनच नव्हे, ती बेडी आहे. त्यांचे म्हणणे मी हलके घेत नाही. शेतमालाला भाव मिळत असता तर गहाणखत हे भांडवलाचे साधन झाले असते. भाव नसताना ते फासाचे साधन झाले. दोष कोणाला द्यायचा ते तुम्ही ठरवा.

दुसरा कागद इजाऱ्याचा, आणि तो खास आपल्या जिल्ह्याचा. नावापुढे 'इजारा' लागलेली गावे तुम्हाला ठाऊक आहेत, कित्येकजण त्याच गावांतून आज आलेले आहेत. ही काय भानगड आहे? १८६५ साली पडीत जमिनीचे नियम निघाले. ओसाड पडलेले अख्खे गाव कराराने एका माणसाला द्यायचे. त्याने सरकारात ठरलेली रक्कम भरायची, बाहेरून कुळे आणायची, विहीर-वस्ती करायची, जमीन वहितीखाली आणायची. मुदत भरली, अटी पाळल्या, की गावावर मालकीवजा हक्क मिळवायची त्याला वाट होती. वऱ्हाडात असे इजारे दिले गेले ते बहुतेक आपल्याच जिल्ह्यात. ज्याच्या गाठीला पैसा आणि ज्याची कचेरीत उठबस, त्यालाच असे अख्खे गाव घेणे परवडणार. जंगल तोडले, दगड वेचले, वाघा-डुकरांत राखण केली ती आणलेल्या कुळांनी. रयतवारीच्या आशेने नदी ओलांडून आलेल्या माणसाला इथे मालगुजाराचा भाऊ भेटला.

योगायोग बघा. त्याच सुमारास, १८६२ साली, अमेरिकेने होमस्टेड कायदा केला. पश्चिमेकडच्या मोकळ्या मुलखात जाऊन पाच वर्षे राहील, शेत कसेल, त्या कुटुंबाला १६० एकर जमीन, किरकोळ फी भरून, स्वतःच्या नावावर. तिकडची मोकळी म्हटलेली जमीनही मोकळी नव्हती, मूळच्या इंडियन जमातींची होती, आणि त्यांचे हाल आपल्या कोलामांपेक्षा वाईट झाले. ते पाप तिथेही आहे. पण गेलेल्या कुटुंबापुरते पाहिले तर फरक साधा आहे. तिकडे जमिनीचा कागद कसणाऱ्याला मिळाला, इकडे इजाऱ्याच्या गावात कागद आणणाऱ्याला मिळाला. इजारा गावांतल्या कुळांना कायद्याचा आधार मिळायला १९२१ उजाडले. तेव्हा वऱ्हाडच्या अशा गावांसाठी वेगळा कूळकायदा झाला. मालकी संपली ती १९५१ मध्ये, मध्य प्रदेशच्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने, कारण १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो. मग १९५८ चा विदर्भाचा कूळकायदा आला. तोवर रान फोडणाऱ्याचा नातूही म्हातारा झाला होता.

आता शहरातून आलेल्या घरांचे बोलतो, कारण बाहेरचा हा शब्द त्यांच्यावर सर्वांत सहज फेकला जातो. कचेऱ्या निघाल्या, त्यांना मोडी वाचणारे, मराठी लिहिणारे, कायदा जाणणारे लोक हवे होते. ते पुण्याकडून, खानदेशाकडून आले. रघुनाथ नरसिंह मुधोळकर हे धुळ्यात जन्मले, वकिलीसाठी अमरावतीला आले, वऱ्हाडचे पुढारी झाले आणि १९१२ साली काँग्रेसचे अध्यक्ष झाले. त्यांना आज कोणी खानदेशी म्हणत नाही. मारवाडी घराण्यांचे तसेच. राजस्थानातून निघालेली माणसे आधी अमरावती, हिंगणघाट, कामठी अशा बाजारपेठांत थांबली, मग त्यांच्या मुला-पुतण्यांनी वणी, दारव्हा, दिग्रस, उमरखेडला दुकान टाकले. घरात मुलगा नसेल तर देशाकडून दत्तक यायचा. वर्धेचे जमनालाल बजाज असेच, सीकरजवळच्या काशीका बास या खेड्यात १८८९ साली जन्मले आणि दत्तक म्हणून वर्ध्याला आले.

दुकानदार पैसा घेऊन आला, हे खरे. त्याने सवाई-दिढीने लुटले, हेही कित्येक गावांत खरे. पण तो परप्रांतीय म्हणून लुटत होता असे नव्हे. दिढी चालवणारे आपल्याच रक्ताचे देशमुख-पाटीलही होते. सारा रोखीत, पीक एकच, बाजार दूर आणि जमीन गहाण टाकता येते, या चार गोष्टी जमल्या की त्या जागी कोणीही बसला तरी सावकारच होतो. जातीकडे बोट दाखवले की या चार गोष्टी तशाच राहतात. ज्याला आपण त्या काळी घालवले असे म्हणतो त्याच्या जागी पुढे दुसरा बसला, आणि आता कृषी केंद्राच्या काउंटरमागे तिसरा बसला आहे.

बंजाऱ्यांकडे येऊ. हा समाज हिंडता होता, पण रिकामा हिंडत नव्हता. मीठ, धान्य, कापूस वाहणारी देशाची मालगाडीच ती. तांड्याचे बैल हेच त्यांचे शेत. रेल्वे आली, पक्क्या सडका झाल्या आणि पन्नास वर्षांत तो धंदा बसला. त्यावर १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला, आणि हिंडणे हाच संशय ठरवणारी ती दृष्टी तांड्यांच्याही वाट्याला आली. तेव्हा तांडे थांबले. पुसद, दारव्हा, दिग्रसच्या डोंगराळ पट्ट्यात थांबले, कारण काळ्या जमिनी आधीच धरल्या गेल्या होत्या. पुसद तालुक्यातले गहुली हे असेच तांड्याचे गाव. तिथे १९१३ साली वसंतराव नाईक जन्मले आणि पुढे १९६३ ते १९७५ राज्याचे मुख्यमंत्री राहिले. म्हणजे ज्या तांड्याला तुम्ही बाहेरचा म्हणता, त्याने राज्य चालवून दाखवले, आणि तरी शेजारच्या तांड्यावरच्या माणसाला पायाखालच्या दोन एकरांचा कागद नाही.

तो का नाही? कारण तिसरा कागद, जंगलाचा. १८८६ साली वऱ्हाडचा वन कायदा झाला. राखीव जंगल, गवताचे रमणे, चराईचे रान अशा वर्गवाऱ्या झाल्या, रेषा आखल्या गेल्या. त्या रेषेच्या आत कोलामांची पोडे होती, गोंडांची गावे होती, पुसद-उमरखेडकडे आंध होते. कोलाम डोंगराच्या उतारावर जागा बदलत पेरायचा. दोन-चार वर्षे एक तुकडा, मग तो विसावायला सोडायचा. शेतकीच्या दृष्टीने उथळ मातीवर ही रीत मूर्खपणाची नव्हती, पडीक ठेवणे हेच तिथले खत. पण सरकारच्या नकाशात सोडलेला तुकडा म्हणजे कोणाचाच नाही. एका रेषेने तो घरचा माणूस अतिक्रमणदार झाला. आज महाराष्ट्रात अतिअसुरक्षित म्हणून गणलेल्या तीन आदिम जमातींत कातकरी आणि माडियांबरोबर कोलाम आहे. सर्वांत आधीचा रहिवासी सर्वांत शेवटी कागद मागतो आहे.

कापसाने या सगळ्या घरांना एकाच बाजारात आणून बसवले. पूर्वी जवारी निघाली की गावागावांत पेवे भरत. जमिनीत खोल खड्डा, आतून लिंपलेला, कडबा-भुसा घातलेला, वरून मातीने बंद. एक वर्ष फसले तर पेव उघडायचे. कापसाचे पैसे आणि साऱ्याची तारीख आली तशी जवारीची जमीन पऱ्हाटीने खाल्ली आणि धान्यही गाडीने बाहेर जाऊ लागले. वाणही बदलले. लांब धाग्याची बनी मागे पडली आणि जाड्याभरड्या, पण जास्त रुई देणाऱ्या जरीने शिवार भरले, कारण बाजारात बारीक धाग्याचा जास्त भाव शेतकऱ्याच्या हाती पडतच नव्हता. शेतकऱ्याने अडाणीपणाने जरी पेरली असे शेतकी खात्याची मंडळी म्हणत. मी त्या शिक्षणातून आलो आहे, म्हणून सांगतो, हिशेब शेतकऱ्याचाच बरोबर होता.

मग १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पाठोपाठ आले. वऱ्हाड म्हणजे सोन्याची कुऱ्हाड असे म्हणायचे दिवस, रेल्वे दारात, कापूस विलायतेत, आणि १९०१ च्या गणतीत माणूस वाढायच्या ऐवजी दीड लाखाच्या आसपास घटला. चाळीस वर्षांपूर्वी मोठ्या आशेने आलेल्या घरांपैकी कितींचा निर्वंश तेव्हा झाला, याची नोंद कोणत्याच फेरफारात नाही.

हे सगळे आज का सांगतो आहे? २००६ च्या वनहक्क कायद्यामुळे. त्या कायद्यात घराण्याचा इतिहास हा पुरावा झाला आहे.

कायदा असा आहे. अनुसूचित जमातीचा माणूस, म्हणजे आपल्याकडे गोंड, कोलाम, परधान, आंध, १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसत असेल तर दावा करू शकतो. इतरांना मात्र त्या तारखेआधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, त्या जंगलाच्या आधाराने राहत असल्याचे दाखवावे लागते. म्हणजे १९३० पासूनचा पुरावा. आता गंमत पाहा. पैनगंगेच्या पलीकडे आदिलाबादकडे तोच लमाण १९७६ पासून अनुसूचित जमातीत आहे. अलीकडे तो विमुक्त जातीत. काकाच्या मुलाला पलीकडे २००५ चा पुरावा पुरतो, पुतण्याला अलीकडे आजोबाचा पुरावा लागतो. तांड्याचे दावे फेटाळले जातात त्यात ही अडचण पुन्हापुन्हा दिसते. सांगितले जाते, ७५ वर्षांचा कागद आणा. ज्यांना कागदच कधी दिला नाही त्यांच्याकडे!

पण कायदा नीट वाचा. ७५ वर्षे तोच तुकडा कसला पाहिजे असे त्यात लिहिलेले नाही. राहत आलेला आणि जंगलावर अवलंबून असलेला, असे शब्द आहेत. आणि पुरावा म्हणजे फक्त सातबारा नव्हे. नियमांत जनगणना, मोजणीचे व बंदोबस्ताचे अहवाल, नकाशे, गॅझेटिअर चालते. जुनी विहीर, बांध, घराचे जोते चालते. स्मशान, देवस्थान चालते. जुन्या नोंदीतल्या नावाशी जोडणारी वंशावळ चालते. दावेदार सोडून दुसऱ्या वयस्क माणसाचे लेखी म्हणणेही चालते. म्हणजे म्हातारीला विचारायचा तो कुलदैवताचा प्रश्न नुसता गप्पांचा नाही. तिचे म्हणणे लिहून घ्या, अंगठा घ्या, तारीख घाला.

मिळणारा हक्क वारशाने जातो, विकता येत नाही, चार हेक्टरांपर्यंत असतो, आणि नवरा-बायको दोघांच्या नावाने होतो. विकता येत नाही म्हणून बँक दारात उभी करत नाही, ही तक्रार मी ऐकतो आणि ती खोटी नाही. पीककर्जासाठी आपल्याला वेगळे भांडावे लागेल. पण १८६० च्या दशकात विकता येणाऱ्या कागदाने पहिल्या दोन पिढ्यांत किती शेते सावकाराकडे गेली ते आठवून मी म्हणतो, आधी पाय टेकू द्या. आणि बाईचे नाव कागदावर येते आहे, ते तर या मुलखात पहिल्यांदाच इतक्या सरळपणे येते आहे.

एक अवघड गोष्ट झाकून ठेवत नाही. काही शिवारांत तांड्याने धरलेला तुकडा हाच कोलामांच्या पोडाने सोडलेला विसाव्याचा तुकडा आहे. दोघेही खरे बोलत आहेत. अशा ठिकाणी संघटनेने एकाची बाजू घेऊन दुसऱ्याचा दावा पाडायचा नाही, आणि सगळे गोड आहे असे सोंगही करायचे नाही. वनहक्क समितीने आधी पोडावरच्या म्हाताऱ्यांना घेऊन शिव फिरावी, त्यांच्या खुणा, देवाच्या जागा, जुनी पेरणीची ठिकाणे नकाशावर घालावीत, पोडाचा दावा आधी पूर्ण करावा, आणि मग तांड्याचा. क्रम असा असावा हे माझे मत आहे. यावर आज दुपारी भांडा, पण इथेच भांडा, तहसीलच्या आवारात नको. तिथे आपले भांडण ऐकून खुश होणारे पुष्कळ आहेत.

आता कामाचे. प्रत्येक गावाने पुढच्या बैठकीपर्यंत चार वस्तू जमवायच्या. गावाच्या पहिल्या मोजणीचा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून. तहसीलमधून कोतवाल बुकाच्या १९३० पूर्वीच्या पानांच्या नकला, त्यांत जन्म-मृत्यूच्या नोंदीत आजोबा-पणजोबांची नावे सापडतात. जुनी पेरेपत्रके आणि फेरफार, मिळतील तेवढे. आणि सत्तरीच्या पुढच्या निदान तीन माणसांचे लेखी म्हणणे, त्यांत एक तरी बाई असली पाहिजे. इजारा गावांतल्या लोकांनी आणखी एक करायचे, मूळ इजारदाराचे नाव, १९५१ ला कोणाच्या नावे काय झाले आणि आज सातबाऱ्यावर भोगवटदाराचा वर्ग कोणता, हे एका कागदावर मांडून आणायचे. दावा फेटाळल्याचा लेखी हुकूम ज्यांच्या हाती आला आहे त्यांनी तारीख पाहावी, वरच्या समितीकडे जायला साठ दिवस असतात. ज्यांना तोंडी 'नामंजूर' सांगून परत पाठवले त्यांनी आधी लेखी मागावे.

नकलेच्या अर्जाचा नमुना दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. वणी आणि केळापूरवाल्यांसाठी वेगळा गठ्ठा आहे, तो पाहून घ्या.